कॅप्टन रणदिवे यांची थकलेली बढती

अन्याय झाला तो कॅप्टन रणदिवे यांच्यावर. कधी झाला तेही सांगते, म्हणजे आरोप मोघम आहेत असं नंतर कुणी म्हणायला नको. 'नववी कक्षा' या मालिकेचा एकशे बारावा भाग, सहावं दृश्य, वार मंगळवार, जेवणाच्या सुट्टीला दहा मिनिटं कमी. ठिकाण अंतराळयान 'अगस्ती'चा नियंत्रण कक्ष, म्हणजे चिकलठाण्याच्या एका बंद पडलेल्या कारखान्याची तिसरी शेड. साक्षीदार चाळीसेक माणसं, दोन कॅमेरे आणि मी.

या दिवाळी अंकाच्या संपादकांनी "कामाचे अनुभव लिहा, जरा हलकंफुलकं" असं सांगितलंय. मी लिहायला शिकले ते पत्रकांवर. मुकुंदवाडीच्या नळाला पाणी का येत नाही, स्टेशनावर सावली का नाही, असल्या विषयांवर कॉलेजपासून पत्रकं काढलीत. पत्रकाचा कायदा सोपा आहे. आधी कुणावर अन्याय झाला ते, मग कधी झाला ते, शेवटी मागणी, आणि मधे चिडचिड. त्यात हलकंफुलकं बसेल तेवढं बसवते.

मालिकेचं नाव ऐकून पुष्कळांना ती शाळेवरची वाटायची. मावशी तर वर्षभर विचारत होती, "तुमची नववीची पोरं पास झाली का गं?" नाही मावशी, ती एका अंतराळयानाची गोष्ट होती. पृथ्वी सोडून अकरा वर्षं झालेलं यान, राहण्याजोगा ग्रह शोधत निघालेलं. ते यान आम्ही कुठून आणलं? वॉशिंग मशिनच्या टाकाऊ टाक्या, कूलरच्या जाळ्या, दोन लोखंडी कपाटं, आणि दुकानाचं एक शटर. हवाबंद दार उघडायचं झालं की वर दोन माणसं बसून शटर ओढायची आणि "हळू रे, स्पेसमध्ये आवाज येत नाय" असं एकमेकांना बजावायची. एप्रिलात पत्र्याखाली इतकं तापायचं की यानाचे अधिकारी 'कट' म्हटल्याबरोबर टोप्या काढून उसाच्या रसाकडे धावायचे.

माझं काम होतं कंटिन्युइटी. म्हणजे काय ते बाहेरच्या माणसाला एकदा नीट सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. मालिका तुम्ही पाहता त्या क्रमानं आम्ही ती बनवत नाही. लग्न आधी, साखरपुडा नंतर, असा सगळा कारभार. माणूस दार उघडतो ते सोमवारी, आणि दाराच्या पलीकडे पाऊल ठेवतो ते पुढल्या गुरुवारी. मधल्या दिवसांत त्यानं केस कापले, मिशी उतरवली, किंवा घड्याळ उजव्या हातात घातलं, तर तुम्हाला घरी बसून दिसतं. ते दिसू नये म्हणून एक बाई वही घेऊन बसवलेली असते. कुणाचं कुठलं बटण उघडं, चहाचा पेला कुठल्या हातात आणि कितपत भरलेला, जखमेची पट्टी डाव्या गालावर की उजव्या, हे ती लिहिते आणि फोटो काढून ठेवते. आमचे दिग्दर्शक मला नावानं कधी बोलवायचे नाहीत. "अगं कंटिन्युइटी!" अशीच हाक. मी ओ द्यायचे.

या कामात माणसाला एक गुर्मी चढते. जग काय म्हणतं ते सोडा, वहीत आहे ते खरं. ही गुर्मी मला पुढं नडली.

तर कॅप्टन रणदिवे. हे यानावरचे क्रमांक दोनचे लष्करी अधिकारी. कमांडरच्या उजव्या खांद्यामागे उभं राहायचं आणि संकट टळलं की म्हणायचं, "यान सुरक्षित आहे, सर." झालं, एवढंच. एकशे अकरा भागांत त्यांना दुसरं मोठं वाक्य नव्हतं. पण ते वाक्य गाजलं. शहागंजात रिक्षावाले गर्दीतून गाडी काढली की ओरडायचे, "यान सुरक्षित आहे, सर!" आमच्या गल्लीत तर भांडण मिटलं की म्हणायची पद्धत पडली.

ही भूमिका करायचे बशीरचाचा. छावणीत त्यांचं शिंप्याचं दुकान आहे. तीस वर्षं फौजी लोकांच्या वर्द्या शिवल्या. खऱ्या मेजर-कर्नलांच्या खांद्यांची मापं त्यांना तोंडपाठ. तरुणपणी हौशी नाटकांतून कामं केलेली, ताठ उभं राहायची सवय. मालिकेच्या वर्द्या शिवायला म्हणून आले, नमुन्याची वर्दी स्वतःच्या अंगावर घालून दाखवली, आणि दिग्दर्शक म्हणाले, "हाच कॅप्टन." हुद्द्यांची चिन्हंसुद्धा चाचांनीच बसवली होती. तीन तारे म्हणजे कॅप्टन. मेजर झाला की तारे उतरतात आणि त्यांच्या जागी, खऱ्या फौजेतल्या राजमुद्रेऐवजी, आमच्या यानावर जरीचा एक सूर्य येतो. असा एक सूर्य त्यांनी पहिल्याच आठवड्यात भरून ठेवला होता, अंगठ्याएवढा, सोनेरी. सुयांच्या डबीत ठेवलेला.

"हा कुणासाठी, चाचा?"

"मेजरसाठी."

"आपल्या यानावर मेजर कुठंय?"

"अभी नै. पण फौजेत टाइम झाला की प्रमोशन येतेच बेटा. कपडा आधी तयार ठेवायचा. ऐन वेळेला शिवायला बसलं की टाका वाकडा जातो."

वाट बघत होते बिचारे. आणि वाट बघायला कारण होतं. कथेत यान अकरा वर्षं उडतंय. ठरावीक वर्षं नोकरी झाली की कॅप्टनचा मेजर होतो, हे छावणीत चहा विकणाऱ्यालाही ठाऊक आहे. मुंबईत बसून गोष्ट लिहिणाऱ्या आमच्या लेखकालाच तेवढं ठाऊक नव्हतं.

पहिली ठिणगी पडली मे महिन्यात. मालिकेच्या शेवटाला यान एका तांबड्या ग्रहावर उतरणार होतं. ग्रह म्हणून आम्ही अजिंठ्याकडचा एक उघडा डोंगर धरला होता. आता या ग्रहाची अडचण अशी, की जूनमध्ये पाऊस पडला की तो हिरवा होतो. गवत उगवतं, म्हशी येतात. म्हणून शेवटच्या भागातली ग्रहावरची दृश्यं आम्ही मेमध्येच उरकून घेतली. कथा तिथवर पोचायला अजून कित्येक महिने होते. एक नवा, गोरागोमटा पोरगा पुढं उभा केला, त्याच्या खांद्यावर हुद्दा नाही की काही नाही, आणि मागे चाचांना उभं केलं.

चाचांनी विचारलं, "हा लडका कोण?"

दिग्दर्शक म्हणाले, "कळेल चाचा पुढं. तुम्ही फक्त मागे उभे राहा."

तिथं शूटिंग बघायला आसपासच्या गावांतली माणसं जमली होती. त्यात एक पांढऱ्या मिशांचे गृहस्थ, फौजेतून निवृत्त झालेले, सगळे त्यांना सुभेदार म्हणत. सकाळपासून ते काठीवर दोन्ही हात ठेवून चाचांचे खांदे न्याहाळत होते. सुट्टी झाल्यावर सरळ पुढं आले आणि सलाम ठोकला. चाचांनीही ठोकला. मग सुभेदारांनी चौकशी सुरू केली.

"सर्व्हिस किती झाली, साहेब?"

"अकरा वर्षं," चाचा म्हणाले. भूमिकेतून ते बाहेर आलेच नव्हते.

"आणि आजून तीन तारे? काय, कोर्ट मार्शल झालं व्हतं?"

"नै जी. रेकॉर्ड साफ आहे."

"मग वरच्याला चहा पाजत नसाल तुम्ही. आवं, आमच्यात असं नाय चालत. लई झालं हे. तक्रार द्या."

"कुणाकडं देऊ? पृथ्वी तर लांब राह्यली."

सुभेदार माझ्याकडे वळले. "पोरी, तू लिहून घेतीस नव्हं सगळं? मग हे बी लिही." मी लिहिलं नाही. माझ्या वहीत बटणं लिहितात, तक्रारी नाही, असं मी त्यांना ऐटीत सांगितलं. सांगितलं खरं.

मग जुलैत तो मंगळवार आला. त्या भागात यानाचे म्हातारे कमांडर मरतात. नियमानं ताबा कुणाकडे जायला हवा? कॅप्टन रणदिवे यांच्याकडे. लहान पोरगंही सांगेल. पण आमच्या लेखकानं काय केलं? यानाच्या तळघरात बर्फाच्या पेटीत कमांडरचा पुतण्या अकरा वर्षं झोपलेला असतो, तो उठतो. वय तेवीस. फौजेत एक दिवस नाही. उठतो, केसांवरून हात फिरवतो आणि कमांडर होतो! अकरा वर्षं झोपा काढणारा वर आणि अकरा वर्षं उभा राहिलेला मागे. डोंगरावरचा तो गोरागोमटा पोरगा तो हाच. आणि कॅप्टन रणदिवे यांनी त्याला पहिला सलाम करायचा.

चाचा म्हणाले, "सर, सिव्हिलियनला सॅल्यूट?"

"चाचा, तो हिरो आहे."

"हिरो असू द्या ना. नियम काय म्हणतो?"

"नियम म्हणतो की दहा मिनिटांत जेवण आहे आणि भाकरी गार होतायत. करा सलाम."

चाचांनी केला. इतका सरळ, इतका सुंदर सलाम मी आजवर बघितलेला नाही. कोपर जिथं हवं तिथं, नजर जिथं हवी तिथं. पोरग्यानं उत्तर म्हणून हात हलवला, बसमध्ये ओळखीचं कुणी दिसल्यावर हलवतात तसा. 'कट.' सगळे जेवायला पळाले. चाचा आले नाहीत.

जेवणानंतर तेच दृश्य पुढं चालू होणार होतं. मी नेहमीप्रमाणे सकाळचा फोटो हातात धरून एकेकाला तपासत गेले. पोरग्याची कॉलर ठीक. पेला ठीक. कॅप्टन रणदिवे: टोपी ठीक, बटणं ठीक, खांदा... खांद्यावर तारे नव्हते. चाचा नेहमीसारखे ताठ उभे होते आणि उजव्या खांद्यावर सोनेरी सूर्य. सुट्टीत त्यांनी स्वतःच स्वतःला बढती दिली होती. टाका अगदी सरळ होता.

डबीत सूर्य एकच. त्यामुळे एका खांद्यावर मेजर आणि दुसऱ्यावर अजून कॅप्टन.

"चाचा, हे काय?"

"कोण बघतंय बेटा. मागे तर उभा राहतो मी."

आता इथं माझा कबुलीजबाब. मी पत्रकं काढणारी बाई. 'झोपलेल्यांना जागं करा' अशा घोषणा मी स्वतः रचलेल्या. त्या दिवशी मी काय केलं? वही बघितली. वहीत तीन तारे होते. मेकअपवाल्याकडून ब्लेड मागून आणलं, चाचांना स्टुलावर बसवलं, आणि एकेक टाका कापून सूर्य उतरवला. ते मान वाकडी करून बघत बसले. मला नीट उसवता येत नव्हतं, तर म्हणाले, "खालून घे, खालून. वरून घेशील तर जरीचा धागा तुटेल." स्वतःची बढती कशी उसवायची ते त्यांनीच मला शिकवलं. मग तारे परत लावून घेतले आणि म्हणाले, "चल. वही खरी तुझी."

दृश्य झालं. संकट टळलं. "यान सुरक्षित आहे, सर." त्या पोरग्याला!

तो सूर्य मी वहीच्या पानांत ठेवून दिला. रोज वही उघडली की तो दिसायचा.

एकशे बारावा भाग लागला त्याच्या तिसऱ्या दिवशी सेटवर सुभेदारांचं पत्र आलं. इनलँडवर, हिरव्या शाईत. "त्या झोपाळू पोराला कमांडर केला ते बघितलं. रणदिवे साहेबांचं काय? आपली पोरगी लिहून घेत होती, तिनं काय लिहिलं ते कळवावे." मी ते पत्र दोनदा वाचलं. मग शहागंजात जाऊन पत्रक छापायला दिलं.

मथळा होता: 'कॅप्टन रणदिवे यांना मेजर करा!' खाली: 'अकरा वर्षांची अखंड सेवा. एकही रजा नाही. आणि बक्षीस काय? तेवीस वर्षांच्या पोराला सलाम!' छापखान्याच्या मालकांनी चष्म्यावरून विचारलं, "हे रणदिवे कुठल्या वॉर्डातले?"

"अंतराळातले."

"बरं. पण खाली पक्षाचं नाव टाकायचं का?"

पत्रक मी मुकुंदवाडी स्टेशनावर वाटलं, छावणीच्या बाजारात वाटलं, रिक्षांच्या काचांवर लावलं. आता एक गंमत बघा. मालिका पाहणाऱ्यांना ते लगेच कळलं. पण ज्यांनी पाहिली नव्हती, त्यांचा राग जास्त होता! मुकुंदवाडीत भाजीवाल्या कौसाबाईंनी पत्रक शेजारणीकडून वाचून घेतलं, साहेब अजून आभाळातच आहेत हेही तिच्याकडून ऐकलं आणि मला विचारलं, "व्हय गं, अकरा वर्षं घरी सोडलं नाय? त्याच्या बायकोनं काय करावं?" एका निवृत्त कारकुनानं मला बाजूला घेऊन अर्ज कसा लिहायचा ते समजावलं. "आमच्या कचेरीतही माझं असंच झालं. ज्येष्ठता यादीत माझं नाव वर होतं, आणि साहेबांचा मेहुणा..." पुढचं त्यांनी हातानंच सांगितलं. मी खुलासा करायला हवा होता की रणदिवे ही गोष्टीतली व्यक्ती आहे. पण ज्याला त्याला आपला एक रणदिवे आठवत होता. तिथं कुठला खुलासा करू?

आणि सवयीनं माझ्याकडून एक चूक झाली होती. पत्रकाच्या तळाशी बोटांनी आपोआप लिहिलं होतं: 'रविवारी सकाळी दहा वाजता कारखान्याच्या गेटवर जमा व्हा.' छापून आल्यावर मला दिसलं. म्हटलं, कोण येतंय.

पन्नास-साठ माणसं आली. सुभेदार अजिंठ्याहून पहिल्या बसनं आले होते, छातीवर पदकं लावून. कौसाबाई आल्या. कारकून आले, फाइल घेऊन. घोषणा सुरू झाल्या. त्या रविवारी शूटिंग चालू होतं. दिग्दर्शकांना वाटलं, बंद कारखान्याचे कामगार आले. घाम पुसत गेटवर आले.

"काय मागणी आहे तुमची?"

"एक मेजर!" सुभेदार म्हणाले.

दिग्दर्शकांनी माझ्याकडे बघितलं. "अगं कंटिन्युइटी, हे तू?" मी वही छातीशी धरून उभी होते. उत्तर लपण्यासारखं नव्हतं.

आत चाचा वर्दीत उभे होते. त्यांना बाहेर आणा, बाहेर आणा, असा गलका झाला. ते बाहेर आले तशी माणसांनी वाट करून दिली. कौसाबाई जवळ गेल्या, चाचांना खालून वर बघितलं आणि म्हणाल्या, "आवं, तुम्ही तर खाली उतरलात की! मग घरी जा ना आता." चाचा इतके हसले की टोपी पडली. सुभेदारांनी ती उचलून झटकून दिली.

मुंबईत लेखकाला फोन लागला. स्पीकरवर होता, सगळ्यांनी ऐकला. "मेजर केला की त्याला काहीतरी काम द्यावं लागेल. वाक्यं द्यावी लागतील. जागा कुठंय?" मग एकदम आवाजात आनंद. "थांबा! सुचलं. करू मेजर. नक्की करू. लोकांना कळवा."

आम्ही गेटवर पेढे वाटले. मी स्वतः वाटले, हे लक्षात ठेवा.

महिनाभरानं एकशे अठ्ठाविसाव्या भागाचे कागद आले. यानाला भगदाड पडतं. पोरगा अडकतो. कॅप्टन रणदिवे त्याला आत ढकलतात आणि स्वतः बाहेर राहून शटर लावून घेतात. यान सुरक्षित. पुढल्या दृश्यात रिकामी शवपेटी, आणि पोरगा तिच्यावर सूर्य ठेवतो. मरणोत्तर बढती.

मी कागद घेऊन दिग्दर्शकांकडे गेले. "सर, लोकांनी मेजर मागितला होता."

"दिला की."

"जिवंत मागितला होता."

"पत्रकात तसं लिहिलं नव्हतंस."

खरंच लिहिलं नव्हतं. पत्रकं काढणाऱ्या सर्वांना माझं सांगणं आहे, मागणी पूर्ण लिहीत चला. 'जिवंतपणी' हा शब्द गृहीत धरायचा नसतो.

चाचांना मी दुकानात जाऊन सांगितलं. ते एका खऱ्या फौजी पोराचं माप घेत होते. माप पुरं केलं, आकडे लिहिले, पोराला पाठवलं. मग म्हणाले, "हौ. म्हणजे मरून मेजर."

"माझ्यामुळं झालं, चाचा. मी गप्प राहिले असते तर तुम्ही शेवटपर्यंत उभे राहिला असता."

"नक्को, असं नक्को बोलू. तीस वर्षं दुसऱ्यांच्या खांद्यावर हुद्दे लावतोय मी. माझ्यासाठी साठ माणसं आली ना रविवारी?" मग मशिनच्या चाकावर हात ठेवून म्हणाले, "पण बेटा, एक होतं मनात. सूर्य लावून एकदा उभं राहायचं. बस. मागेच उभा राहिलो असतो."

त्या संध्याकाळी मी सगळ्या वह्या काढून बसले. काहीतरी सापडेल, काहीतरी चुकेल, दृश्य रद्द होईल, अशी वेडी आशा. आणि सापडलं. मे महिन्याचं पान. शेवटचा भाग, तांबडा ग्रह, दृश्य तीन ते नऊ: 'पुढे हिरो. उजव्या खांद्यामागे कॅ. रणदिवे. तीन तारे. उभे.'

एकशे अठ्ठाविसाव्या भागात मेलेला माणूस एकशे चाळिसाव्या भागात ग्रहावर उभा होता. आणि ते दृश्य पुन्हा घेणं शक्य नव्हतं, कारण एव्हाना आमच्या ग्रहावर गुडघाभर गवत होतं.

माझं काम काय? पळत जाऊन सांगणं. त्यासाठीच तर मला बसवलेलं. पण सांगितल्यावर काय होतं ते मी पाहिलं होतं. आधी एकदा यानाच्या डॉक्टरीणबाई मालिका सोडून गेल्या, तेव्हा झालेल्या दृश्यांतून त्यांना कापत कापत असं काढलं, की शेवटी पडद्याच्या कडेला त्यांचं फक्त कोपर उरलं. चाचांचंही तेच झालं असतं. पोरग्याचा चेहरा मोठा करा, मागचा कॅप्टन कापा. मरण टळलं नसतंच, शेवटच्या भागातली जागाही गेली असती.

मी वही मिटली. या कामाच्या चार वर्षांत जाणूनबुजून सोडलेली ती माझी एकमेव चूक. आधीच्या चुका अनवधानानं झाल्या आणि त्यांची मला लाज आहे. हिची नाही.

चाचांचं मरण एका दिवसात उरकलं. शटर ओढणाऱ्या दोघांनी त्या दिवशी इतकं हळू ओढलं की दिग्दर्शक ओरडले. चाचा पलीकडे राहिले, आणि शटर खाली येता येता म्हणाले, "यान सुरक्षित आहे." पुढचं 'सर' त्यांनी म्हटलंच नाही. कागदावर होतं. दिग्दर्शकांच्या लक्षात आलं नाही, माझ्या आलं. मी वहीत लिहिलं: 'वाक्य बरोबर.'

शवपेटीच्या दृश्यासाठी सूर्य माझ्याच वहीतून काढून दिला.

शेवटचा भाग लागला त्या रात्री माझा फोन वाजायचा थांबेना. पहिला फोन सुभेदारांचा. "पोरी! साहेब जिवंत हायेत! मी म्हटलं नव्हतं, रेकॉर्ड साफ असलेला माणूस असा जात नाय!" दुसरा कारकुनांचा, त्यांना विचारायचं होतं की मरणोत्तर बढती मिळालेला माणूस हजर झाला तर बढती चालू राहते का. तिसरा दिग्दर्शकांचा.

"वहीत काय लिहिलंय?"

"उजव्या खांद्यामागे कॅप्टन रणदिवे. तीन तारे. उभे."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलं नाही, सर."

त्यानंतर मला त्या कामावर कुणी बोलावलेलं नाही. चूक माझी होती, मी लेखी मान्य केली, सही केली. माझ्या जागी आता कुठल्याशा मालिकेवर दुसरी कुणी पेले मोजत बसली असेल. तिला माझा सलाम.

सेट मोडला तेव्हा वर्द्या कुणालाच नको होत्या. कॅप्टन रणदिवे यांची वर्दी मी छावणीत पोचवली, आणि सोबत तो सूर्य. चाचांनी सूर्य हातात घेतला, नखानं जरीचे धागे तपासले. "खालूनच घेतला होतास बरं का. शाबास." मग त्याच्या जोडीचा दुसरा सूर्य भरला, दोन्ही खांद्यांवर लावले, आणि वर्दी दुकानात दर्शनी खिळ्यावर टांगली. अजून तिथं आहे. गिऱ्हाइकं विचारतात, ही कुणाची?

"मेजर रणदिवे साहेबांची," चाचा सांगतात. "ट्रायलला यायचेत."

मी म्हटलं, "चाचा, घाला ना एकदा. कोण बघतंय?"

"नक्को. स्वतःच लावून घेतला की तो टाका उसवतात. एकदा उसवला ना? दुसऱ्यानं ऑर्डर द्यायला पाहिजे."

वरिष्ठ अधिकारी आता उरलेला नाही. कमांडर मेले, पोरगा दुसऱ्या मालिकेत वकील झालाय, लेखक फोन उचलत नाही. ऑर्डर द्यायची तर ती प्रेक्षकांनीच द्यायची. म्हणजे तुम्ही. ज्यांनी ते वाक्य रिक्षात, बाजारात, भांडणात फुकट वापरलं, ते तुम्ही.

म्हणून मागणी. या वेळी पूर्ण लिहिते. दिवाळी संपायच्या आत छावणीत जा. जिथं खिळ्याला दोन सूर्यांची वर्दी दिसेल ते दुकान. वर्दी खाली काढा, चाचांच्या अंगावर स्वतःच्या हातानं चढवा, जिवंतपणी. बटणं वरपर्यंत लावा. मग समोर नाही, त्यांच्या उजव्या खांद्यामागे जाऊन उभे राहा, ताठ. आणि आजवर जे ते म्हणत आले ते तुम्ही म्हणा, शेवटच्या शब्दासकट:

"यान सुरक्षित आहे, सर."